बाणकोटचा मोबदला

मुरुड म्हटले की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. पण या गावाच्या शेजारी दुसरीही एक आठवण उभी आहे, आणि ती तितकीशी अभिमानास्पद नाही. मुरुडच्या उत्तरेस हर्णै आणि हर्णैसमोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग. या दुर्गाचे पतन क्रमिक पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. वास्तविक त्यामागच्या व्यवहाराचा तपशील सावकाश वाचण्याजोगा आहे.

१७५५ च्या मार्चमध्ये नानासाहेब पेशव्यांचे कोकणातील अधिकारी रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तुळाजी आंग्र्यांविरुद्ध करार झाला. संयुक्त आरमाराची सूत्रे इंग्रजांच्या हाती राहावयाची आणि मोबदल्यात त्यांना बाणकोटचा किल्ला व काही गावे मिळावयाची, असे ठरले. एप्रिलच्या आरंभीच कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. तुळाजी हा काही साधुपुरुष नव्हता. पेशव्यांचा हुकूम तो जुमानीत नसे आणि त्याच्या उपद्रवाने त्रासलेली माणसे किनाऱ्यावर कमी नव्हती. म्हणूनच या व्यवहाराला विश्वासघात हे नाव देण्याची पुण्याला गरज वाटली नाही. उद्दाम सरदाराचे पारिपत्य, एवढेच त्याचे नाव होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. वाटणीचे प्रमाण त्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच ठरविले होते आणि त्यात मराठ्यांचा हिस्सा धरलेला नव्हता! खुद्द विजयदुर्ग पदरात पडण्यासाठी पेशव्यांना कित्येक महिने ताटकळावे लागले. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. बाणकोट मात्र इंग्रजांचे झाले. त्यांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले.

योगायोग असा की, याच बाणकोटात १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले काम सुरू केले आणि पुढे ते हर्णैलाही आले. जॉन विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे याच परिसरात गिरविले. त्यांच्या राज्यकर्त्या बांधवांनी ज्या किनाऱ्यावर हा सौदा केला, त्याच किनाऱ्यावर हे धर्मोपदेशक जो ग्रंथ घेऊन उतरले, त्यात सौद्याची जगातील सर्वांत प्रसिद्ध कथा आहे. यहूदा इस्कर्योत याने आपल्या गुरूला तीस चांदीच्या नाण्यांना विकले, ही ती कथा.

ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण तिच्यातील दोन बारकावे सहसा निसटतात. पहिला असा की, यहूदा हा शिष्यमंडळींचा खजिनदार होता. एका स्त्रीने येशूच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा प्रश्न त्याने केला. प्रश्न रास्त वाटतो. शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र सांगतो की, त्याला गरिबांची चिंता नव्हती. थैली त्याच्याकडे असे आणि तीत पडलेले तो लांबवीत असे. ख्रिस्ती विचाराने लोभाचे केलेले सर्वांत मर्मभेदी निदान येथे आहे. लोभ स्वतःच्या नावाने कधी बोलत नाही. तो गरिबांच्या, शिस्तीच्या, राज्याच्या हिताच्या नावाने बोलतो. इतकेच नव्हे, तर बोलणाऱ्यालाही पुष्कळदा ते खरे वाटू लागते.

दुसरा बारकावा विकत घेणाऱ्यांविषयीचा आहे. पश्चात्ताप होऊन यहूदाने नाणी मंदिरात फेकून दिली, तेव्हा मुख्य याजकांना धर्मसंकट पडले. हे रक्ताचे मोल असल्याने दानकोशात टाकणे योग्य नव्हे, असा निर्णय त्यांनी केला आणि त्या पैशातून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत घेतले. माणूस विकत घेताना ज्यांना नियम आठवला नाही, त्यांना जमाखर्चाच्या वेळी तो बिनचूक आठवला. कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या प्रसंगाचे स्पष्टीकरण करून सांगावे लागू नये.

पेशव्यांना सुवर्णदुर्ग मिळाला हे खरे. पण सत्तेचाळीस वर्षांनी, १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांपुढे पळ काढलेले दुसरे बाजीराव याच सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले आणि येथून इंग्रजी जहाजात बसून वसईला गेले. ३१ डिसेंबरला तेथे त्यांनी ज्या तहावर सही केली, त्याने मराठी राज्याचे स्वातंत्र्य इंग्रजांच्या फौजेकडे गहाण पडले. पेशव्याला स्वतःच्या किनाऱ्यावरून न्यायला परक्याचे जहाज लागावे, याचा अर्थ विजयदुर्गाच्या बंदरात जळालेल्या गलबतांना विचारावा.

राजेरजवाड्यांचे सौदे संपले. परंतु थैली सांभाळणाऱ्याचा मोह संपलेला नाही. शिक्षक पात्रता परीक्षेतील गुणांच्या विक्रीचे प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आले, तेव्हा राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पुढे २०२२ मध्ये परिषदेने सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. दोष कोणाचा व किती, हे न्यायालय ठरवील. परंतु ज्या परीक्षेने उद्याचा गुरुजी निवडावयाचा, तिचेच गुण विक्रीस निघाले असतील, तर विकले गेले ते केवळ गुण नव्हेत. प्रामाणिकपणे उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या प्रत्येकाचा विश्वास त्या सौद्यात गेला. पैसे देणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतःला हेच सांगितले असेल की, घरी म्हातारे आईबाप आहेत, वय उलटत चालले आहे, आणि सगळेच देतात. ही कारणे खोटी नसतात. यहूदाच्या तोंडचे गरीबही खोटे नव्हते.

रद्द झालेल्यांची यादी परिषदेकडे आहे. दोन गुणांनी अनुत्तीर्ण होऊन, मागितलेली रक्कम न देता गावी परतलेल्या मुलामुलींची यादी मात्र कोणत्याही कार्यालयात नाही.