भाडेकरू हा शब्द कुठे गेला?

चाळीवरच्या स्मरणरंजनाला मराठीत कधीच तोटा नव्हता. कोणताही दिवाळी अंक उघडावा, सामाईक गॅलरी, पहाटेचा नळ आणि शेजारच्या काकूंनी वाटीतून पाठवलेली आमटी यांच्या आठवणीने सद्गदित झालेला एखादा तरी लेखक भेटतोच. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातली साठ बिऱ्हाडे आपण आजही विनोदाच्या संदर्भात शिकवतो. पण अशी बिऱ्हाडे एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी, हा प्रश्न वर्गात कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. शेजारधर्म रुजायला माणूस एका ठिकाणी राहावा लागतो, आणि तो राहिला तो मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आधारावर. चाळसंस्कृती म्हणून ज्याचे आपण गोडवे गातो, तिच्या पायात हा रूक्ष कायदा पुरलेला आहे.

त्या कायद्याची वकिली करायला मी बसलेलो नाही. १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण भाडे धरून ते दशकानुदशके गोठवून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा होता. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, इमारती खचू लागल्या, आणि १९६९ साली उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमण्याची वेळ सरकारवर आली. मालक पागडीकडे वळला आणि भाडेकरूनेही त्या पागडीत आपला वाटा शोधला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालौघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचे सांगितले, ते योग्यच होते. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने भाडेवाढीला वर्षाला चार टक्क्यांची मर्यादा घातली. मालकालाही वाढ मिळावी आणि भाडेकरूलाही पुढल्या वर्षाचा हिशोब मांडता यावा, असा हा शहाणा तोडगा वाटतो.

मात्र ही मर्यादा ‘भाडेकरू’साठी आहे, आणि आज पुण्या-मुंबईत नव्याने घर घेणारा माणूस भाडेकरू नसतोच. तो असतो ‘लायसन्सी’. तो भाडे देत नाही, ‘लायसन्स फी’ देतो.

भाषेच्या अध्यापकाने इथे थबकायला हवे. मुळात लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा वापर करण्याची निव्वळ परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तिची व्याख्या आहे. कुलपाची किल्ली आपल्या खिशात, दारावर आपल्या नावाची पाटी, गॅसचे सिलिंडर आपल्या नावावर, आणि तरीही आपण तिथे केवळ परवानगीने वावरतो, असे हा शब्द म्हणतो. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या खोल्यांवरून १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वाद गेला, तेव्हा कागदावरच्या नावापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, हे तत्त्व न्यायालयाने मांडले होते. पुढे मुंबईत भाडेनियंत्रण चुकवण्यासाठी लायसन्स करारांचे पीक आले. ते ओळखून विधिमंडळाने १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा करार चालू असलेल्या ताबेदारांना सरळ भाडेकरू मानले. म्हणजे त्या वेळी शब्दाच्या मागचा डाव कायद्याला दिसत होता. १९९९ च्या कायद्याने मात्र उलट दिशा धरली. लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असे कलम २४ चे स्पष्टीकरण सांगते. मुदत संपल्यावर जो घर सोडणार नाही त्याने दुप्पट रक्कम भरावी. अर्थ काय, हे विचारायचेच नाही. छापील शब्द प्रमाण. संहितेला इतके निरपवाद प्रामाण्य आपल्याकडच्या कडव्या रूपवाद्यांनीही कधी दिले नसेल!

माझा एक जुना विद्यार्थी आता तासिका तत्त्वावर शिकवतो. पुण्यात तो आणि त्याची पत्नी चौदा हजारांच्या दोन खोल्यांत राहत होते. टाळेबंदीनंतर कचेऱ्या पुन्हा भरल्या आणि २०२२ मध्ये त्याचा अकरा महिन्यांचा करार संपला. मालक सौजन्याने म्हणाले, “सर, समोरच्या सोसायटीत बावीस चाललेत. तुम्हाला वीसच सांगतोय.” चार टक्क्यांच्या हिशोबाने ५६० रुपये वाढायला हवे होते, वाढ होती सहा हजारांची, जवळजवळ त्रेचाळीस टक्के. मालक काही दुष्ट नव्हते, त्यांच्याही घराचा हप्ता होता. कायद्याने त्यांना थांबवलेच नव्हते, एवढेच. घर सोडायचे तर नवी अनामत, दलालाला एक महिन्याचे भाडे, टेम्पो, पोलिसांकडची नोंद आणि मुलीची अर्ध्यावर सुटणारी शाळा. हा सगळा खर्च मालकाला ठाऊक असतो, म्हणूनच ‘परस्पर संमती’ हा शब्द मला त्या करारातला सर्वांत मोठा विनोद वाटतो.

नियंत्रण आले की घरे भाड्याने देणेच लोक बंद करतील, असा धाक अर्थशास्त्राचे मित्र घालतात. गोठवणुकीबद्दल त्यांचे म्हणणे खरे आहे. पण गोठवणे वेगळे आणि वाढीला बांध घालणे वेगळे. जर्मनीत चालू भाडे तीन वर्षांत वीस टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. टंचाईच्या शहरांत ही मर्यादा पंधरा टक्के आहे. सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढताही येत नाही. भाड्याची घरे तिथे नाहीशी झालेली नाहीत. आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांवर आणण्याचे सुचवले, पण वाढीचा आकडा पुन्हा करारावरच सोडला. नव्या माणसाला घर देताना मालकाने बाजारभाव खुशाल घ्यावा. तोच माणूस पुढे राहणार असेल तर मात्र वाढीला मर्यादा हवी, आणि काढायचे असेल तर कारण सांगायला हवे.

कारणावर मी अडून बसतो ते साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी कळावे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी मुंबईहून गुजरातेत येतो, त्याला डोक्यावर छप्पर मिळते ते जात झाकून, आणि जात उघडी पडताच मार बसतो. हा संग्रह १९६३ चा. आज कोणाला मारावे लागत नाही. ‘करार वाढवणार नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. आडनाव, धर्म, मटणाचा वास, एकटी राहणारी बाई यांपैकी नेमके काय खुपले, ते सांगण्याचे बंधन नसल्याने सिद्धही करता येत नाही. जुन्या भाडेकरूला काढायला कायद्यातले एखादे कारण दाखवून ते न्यायालयात टिकवावे लागे. लायसन्सीला काढायला कॅलेंडर पुरते.

गेल्या महिन्यात मी त्या विद्यार्थ्याकडे माझी ‘लीळाचरित्रा’ची प्रत परत मागितली. ती खोक्यात आहे, म्हणाला, कुठल्या ते ठाऊक नाही. दोन घरे बदलून झाली तरी पुस्तके त्याने बाहेर काढलेली नाहीत. करार मार्चमध्ये संपतो आहे.