‘उद्या या’चे मोल

गॅरेजमध्ये रिक्षा उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. रोजच्या कमाईवर संसार चालविणाऱ्या वाहनधारकास मेकॅनिकचे ‘उद्या या’ फार महाग पडते. सुटे भाग वेळेवर न मिळणे समजण्याजोगे आहे. त्याची कल्पनाही न देणे मात्र नव्हे. म्हणून वाहन सोपवितानाच कामाचे स्वरूप, अंदाजित खर्च व परतीची तारीख जॉब कार्डवर लिहून घ्यावी. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. तरीही चालढकल झाल्यास लेखी स्मरणपत्र द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल २ वर्षांच्या आत दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखाधिकाऱ्यांशीही बोलावे. मागाहून केलेल्या तक्रारीपेक्षा आधी लिहून घेतलेली तारीख केव्हाही हितावह.