आधी पीसी घ्या, ग्राफिक्स कार्ड दिवाळीनंतर

खोपोलीहून कर्जतला कॉलेजला जाणाऱ्या पोरांचा एक वाद गेली काही वर्षं लोकलमध्ये तसाच चालू आहे. साठेक हजार जमण्याची शक्यता आहे. थोडे स्वतःचे, थोडे मामाने दिलेले, बाकीचे बाबा देतील ही आशा. मग घ्यायचं काय, गेमिंग पीसी की प्लेस्टेशन? केळवलीपर्यंत एक बाजू जिंकते, पळसदरीला दुसरी, आणि कर्जतला उतरताना सगळे पुन्हा जिथल्या तिथे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कर्जत-खालापुरात राहणाऱ्या, अजून शिकत असलेल्या मुलामुलींनी पीसी घ्यावा. आणि तोही पहिल्या दिवशी ग्राफिक्स कार्ड न टाकता!

थांबा, शिव्या नंतर घाला. कन्सोलवाल्यांचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता आणि डिजिटल ३९,९९० ला. पुढे किंमत वाढली. तरी त्या पैशात तसं चित्र देणारा पीसी तेव्हा जुळवता येत नव्हता. क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलून भाव आभाळाला नेले होते. नुसतं खेळायचंच असेल, तर कन्सोल हा स्वस्तातला सौदा आहे.

पण नुसतं खेळायला साठ हजार कोणाच्या घरी मिळतात? ऑटोकॅड, टॅली, पायथन, टीवायचा प्रोजेक्ट यातलं काहीच कन्सोलवर होत नाही. म्हणजे वर्षभरात लॅपटॉपसाठी बाबांसमोर पुन्हा उभं राहायचं. तेव्हा हिशोब करताना कन्सोलच्या पुढे लॅपटॉपही लिहा. शिवाय हॉलमध्ये टीव्ही एकच. रात्री आठ ते दहा त्यावर कोणाचं राज्य असतं, हे मी सांगायला नको.

पीसीवाले मात्र एक लबाडी करतात. सीपीयूचा खर्च सांगतात आणि मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस विसरतात. आपल्याकडे यूपीएस ही चैन नाही. खोपोलीत तयार झालेल्या विजेवर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालल्या, पण जुलैत ढग गडगडले की खोपोलीतच मेणबत्ती शोधावी लागते. खेळताना वीज गेली तर फार तर मॅच जाते. सबमिशनच्या आदल्या रात्री गेली तर काय जातं, ते ज्याचं गेलंय त्यालाच विचारा.

आता कार्डाशिवाय कसं भागतं ते बघा. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. त्यावर व्हॅलोरंट लो सेटिंगला मस्त पळतो, माइनक्राफ्टही चालतो. फक्त रॅम १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी वापरतं, त्यामुळे दोन स्टिक असल्या की फरक डोळ्यांना दिसतो. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचा, साडेपाचशे वॅटच्या आसपासचा घ्या. म्हणजे पुढे कार्ड टाकताना तो बदलावा लागणार नाही. रंगीत लाइटवाल्या कॅबिनेटवर उडणारे पैसे इथे घाला. लाइटने फ्रेम वाढत नाहीत!

गेमचा खर्च तर कोणी मोजतच नाही. प्लेस्टेशनचे मोठे नवे गेम पाच हजारांपर्यंत जातात, आणि विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा वर्गणी वेगळी. पीसीवर एपिक दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं आणि स्टीमचे सेल असतात. एक गोष्ट कन्सोलच्या बाजूने कबूल करतो. ज्यांच्या गावात नेट रडतखडत चालतं, त्यांच्यासाठी शंभर जीबीच्या डाउनलोडपेक्षा मित्राकडून आणलेली डिस्क बरी. म्हणून ज्यांच्याकडे कॉलेजपुरता लॅपटॉप आधीच आहे आणि ज्यांना भावाशेजारी बसून फुटबॉलच खेळायचाय, त्यांनी खुशाल कन्सोल घ्यावा. पण डिस्कवाला. डिजिटल घेतला की देवाणघेवाणही संपली आणि जुना गेम विकणंही.

बाकीच्यांनी लॅमिंग्टन रोड गाठावा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, तिथून चालत. जाताना पार्टची यादी कागदावर लिहून न्या आणि आदल्या रात्री ऑनलाइन भाव बघून ठेवा, कारण भाव सारखे हलतात. प्रत्येक पार्टचं पक्कं बिल घ्याच. माझ्या एका मित्राने बिलाशिवाय स्वस्तात जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. आठवड्यात स्क्रीन काळी झाली. तो परत गेला तर दुकानदार ओळखच दाखवेना. पीसीचं नशीब एवढंच, की बिघडला तो एकच पार्ट काढून बदलता आला. बाकी मशिन चालू राहिलं आणि त्याचा प्रोजेक्टही त्यावरच झाला.

आणि हो, कॅबिनेटचा बॉक्स घेऊन संध्याकाळी सहाच्या कर्जत लोकलमध्ये चढायचा विचारही करू नका. दुपारी तीनच्या आत दादर सोडा. बॉक्स सीटखाली मावत नाही, कर्जतपर्यंत मांडीवरच ठेवावा लागतो.