चूल नंतर, आधी चाक

मोबाइलवरचे ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. गाडीच्या मागं एक छोटा ट्रेलर. फळी खाली केली की ओटा तयार. बाजूला पाण्याची टाकी, वर तंबू. आणि मग घरात विचार सुरू होतो की असा एक आपणच आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला का बनवू नये? वेल्डिंगचं दुकान जवळ आहे, मिस्त्री ओळखीचा आहे. माहूर, पोहरादेवी, शेगाव, चिखलदरा, सगळीकडे आपलं घर आपल्यासोबत.

विचार चांगला आहे. आपल्या वऱ्हाडात लोक रेंगीत बसून, शिधा-सरपण घेऊन जत्रेला जातच होते. वाटेत झाडाखाली चूल मांडायची, बैल सोडायचे, रात्र काढायची. तेव्हा मी तुम्हाला नको म्हणणार नाही.

पण बहुतेक जण हे काम चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. ओटा कुठं, दिवा कुठं, गादी केवढी, यातच घरभर चर्चा. आणि चाक, हूक, वजन हे सगळं "मिस्त्री पाहून घेईल" म्हणून सोडून देतात. ओटा वाकडा झाला तर पोळी थोडी जाड होईल. चाक वाकडं बसलं तर समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचाही जीव त्यात अडकतो.

लोखंड विकत घेण्याआधी एकदा यवतमाळला आरटीओ कार्यालयात जा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरला आहे. म्हणजे तुमच्या या पेटाऱ्याला इंजिन नसलं तरी कायद्यानं तो वाहन आहे. रस्त्यावर आणायचा तर नोंदणी हवी, विमा हवा. आणि नोंदणीसाठी त्याची बनावट मान्य झालेली हवी. ही तपासणी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई अशा संस्था करतात. एकच ट्रेलर बनवणाऱ्या घरच्या माणसाला तो खर्च आणि ती खटपट परवडणं अवघड आहे. हे आधीच कळलेलं बरं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारांची गोष्ट आठवते का? भंगारातून त्यांनी साठेक हजारांत छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनीही कौतुक केलं. पण नियमात बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनीच सांगितलं. बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. तुमच्या-माझ्या दारात बोलेरो घेऊन कोणी येणार नाही. आपला ट्रेलर अडवला तर तो पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडेल, एवढंच.

मग काय करायचं? मान्यता असलेल्या कारखान्याचा छोटा ट्रेलर चासीसकट, कागदांसकट विकत घ्या. त्याच्यावर फक्त वरचा पेटारा तुम्ही बांधा. तसं करण्याआधी पेटाऱ्याचं कागदावर चित्र काढून आरटीओत दाखवा. चालेल म्हणाले तर ते लेखी घ्या. गाडीला मागं हूक लावायचा असेल तर तेही तिथंच विचारा. कारण कंपनीनं दिलेल्या गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडीचं पुस्तक काढून वाचा. ही गाडी मागं किती वजन ओढू शकते, ते त्यात असेल. ओढू नका असं लिहिलं असेल तर विषय संपला.

आणखी एक सोपा मार्ग आहे. तो मला स्वतःला जास्त पटतो. ट्रेलरच नको. गाडीच्या डिकीत बसेल अशी लाकडी पेटी करा. कप्प्यात भांडी, डबे, शेगडी. मुक्कामाला पेटी उतरवा, घरी आल्यावर काढून ठेवा. ते सामान झालं, गाडीत बदल नाही. पण ज्यांचं मन ट्रेलरवरच बसलं आहे, किंवा ज्यांना तो आपल्याच वावरात, आपल्याच बांधापर्यंत वापरायचा आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं.

आधी चाकं कशावर बसवायची ते पाहू. आपल्या ट्रॉलीला खाली एक सरळ धुरा असते आणि पाटे असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की धुरा कलते, तिच्यासोबत दुसरं चाकही कलतं, वरचं सामान डोलतं. दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा. त्यात मधली धुराच नसते. प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर असतं. दांड्याचं पुढचं टोक चासीला बिजागरीसारखं जोडलेलं, मागच्या टोकाला चाक, वर स्प्रिंग आणि शॉकअप. डावं चाक दगडावर चढलं तरी उजवं जमिनीवर निवांत राहतं. मधे धुरा नसल्यानं खालून उंचीही मिळते. आपल्या पांदण रस्त्यावर, जिथं ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, तिथं ही उंची कामाची.

पण हे घरी नेमकं बसवणं फार कठीण आहे. सरळ धुरेत दोन्ही चाकं एकाच लोखंडावर असतात, त्यामुळे ती आपोआप एका रेषेत येतात. इथं दोन दांडे वेगवेगळे वेल्ड होतात. एक जरा तिरका झाला की ते चाक आयुष्यभर घासत चालतं. टायर एका बाजूनं झिजतो आणि ट्रेलर गाडीला सतत एकीकडे ओढतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड खेचलं जातं, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. काल मोजलेलं माप आज तसंच असेल याची खात्री नसते.

म्हणून माझा सल्ला असा. फक्त डांबरी रस्त्यानं जायचं असेल तर पाटेवाली सरळ धुराच घ्या. वाटेत पाटा तुटला तर दारव्हा असो की बाभूळगाव, बदलून देणारा माणूस भेटतो. स्वतंत्र सस्पेन्शन हवंच असेल तर दांडे, हब, बेअरिंग असा तयार संच घ्या. भंगारातल्या कारचा भाग कापून जोडू नका. बिडाचे आणि घडीव भाग साध्या वेल्डिंगनं धरले असं वाटतं, आणि भर रस्त्यात सोडतात. मिस्त्रीही नीट निवडा. गेट-ग्रील सुंदर बनवणारा माणूस चासी तशीच चांगली बनवेल असं नाही. ज्यानं ट्रॉल्यांच्या चासी बनवल्या आहेत, आणि ज्याच्या ट्रॉल्या अजून चालत आहेत, त्याच्याकडे जा.

दांडे आधी पक्के वेल्ड करू नका. नुसते टाके मारा. मग हुकाच्या मध्यापासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. तसाच उजव्या चाकापर्यंत. दोन्ही मापं एक यायला हवीत. नंतर दोन्ही टायरमधलं अंतर पुढच्या बाजूनं मोजा, मागच्या बाजूनं मोजा. तेही एक हवं. पक्कं वेल्डिंग झाल्यावर पुन्हा मोजा. सामान भरल्यावर तिसऱ्यांदा मोजा. मिस्त्री कंटाळेल. कंटाळू द्या.

स्प्रिंग बसवण्याआधी चाक जॅकनं पूर्ण वर उचलून पाहा. टायर पेटाऱ्याला किंवा चासीला कुठं लागतो का? लागत असेल तर जागा वाढवा. चाक वर जाऊन जिथं थांबायला हवं तिथं जाड रबरी ठोकळा लावा. स्प्रिंग फार कडक घेऊ नका. जड गाडीची स्प्रिंग हलक्या ट्रेलरला लावली तर तो बेडकासारखा उड्या मारतो आणि आतली बरणी फुटते. बिजागरीच्या जागी ग्रीस भरायची सोय ठेवा. आपली काळी माती तिथं जाऊन बसते. पावसाळ्यात ती चिकटते आणि वाळली की बुश खाते.

टायर नवा घ्या. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात नवा दिसणारा टायर कधी कधी वयानं म्हातारा असतो, आणि आपल्या मे महिन्याच्या डांबरावर म्हातारा टायर टिकत नाही. जमलं तर गाडीचं आणि ट्रेलरचं चाक एकाच मापाचं ठेवा. मग एकच स्टेपनी दोघांना चालते.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि ती तुम्ही कुठं ठेवता यावर पुढचं सगळं ठरतं. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढं ठेवा. मागं कधीच नाही. मागं वजन झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एकदा वेगात तो हलायला लागला की चालकाच्या हातात फार काही राहत नाही.

एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा. हे मोजायला नवं यंत्र लागत नाही. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर जा. आधी भरलेला ट्रेलर सुटा करून वजन घ्या. समजा ६०० किलो भरलं. मग तो गाडीला जोडा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा. ५४० आलं तर ६० किलो हुकावर आहे. बरोबर जमलं. ५९० आलं तर टाकी पुढं सरकवा.

ट्रॅक्टरचा पिनवाला हूक कारला लावू नका. त्यात खेळ असतो. सावकाश चालणाऱ्या ट्रॅक्टरला तो चालतो, वेगातल्या गाडीला दर ब्रेकला धक्का बसतो. गोळ्याचा कपलर घ्या, आणि गोळा व कपलर एकाच मापाचे आहेत ना ते तपासा. शिवाय दोन साखळ्या हव्यात. त्या दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून बांधा. हूक निसटला तर दांडी रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडते. मागं लाल दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि रेडियम. कापसाच्या हंगामात यवतमाळ–अमरावती रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा छातीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याला तसं होऊ देऊ नका.

ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. गादी आहे, सावली आहे, पोरं झोपतील, असं कोणी म्हणेल. नाही म्हणजे नाही. अगदी फाट्यापर्यंत सुद्धा नाही. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात बाया गेल्या. त्याही रोजच्या कामालाच निघाल्या होत्या.

रात्री झोपताना शेगडी आत घेऊ नका. थंडीत कोळशाची शेगडी तंबूत ठेवायचा मोह होतो. तिच्या धुराला वास नसला तरी त्यातला वायू झोपेतच माणूस नेतो. गॅसची टाकी पेटाऱ्याच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आणि त्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. घरची टाकी उचलून नेऊ नका, छोटी पाच किलोची वेगळी घ्या. मुक्काम मंदिराच्या आवारात, धर्मशाळेत किंवा ओळखीच्याच्या वावरात विचारून करा. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा नाही. तिथं वाघ आहेत आणि जंगल खात्याची परवानगीही लागते.

सगळं तयार झालं की लगेच सहलीला निघू नका. आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुणानं फॅब्रिकेशनचं काम करता करता घरी हेलिकॉप्टर बनवलं होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटलं आणि त्याचा मार लागून तो गेला. चोवीस वर्षांचा होता. हात हुशार होता, यात शंका नाही. घरी बनवलेली वस्तू पहिल्यांदा चालते तेव्हाच ती सगळ्यात धोक्याची असते. म्हणून चाचणीच्या वेळी पोरंटोरं लांब ठेवा. जवळ फक्त चालक आणि एक जाणता माणूस.

आधी रिकाम्या वावरात फिरवा. मागं घ्यायची सवय करा. स्टेअरिंग खालून धरा. ट्रेलर ज्या बाजूला वळवायचा त्या बाजूला हात न्या, गोंधळ होत नाही. मग वजन भरून थोडं अंतर चालवा आणि उतरून दोन्ही हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक कोमट आणि एक भाजणारं असेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा कोरडं आहे. चाकाचे नट पुन्हा आवळा. प्रत्येक वेल्डच्या कडेनं नजर फिरवा. रंगाला बारीक तडा दिसला तर खाली लोखंडालाही असू शकतो. माहूरच्या किंवा चिखलदऱ्याच्या घाटात पहिल्याच वेळी जाऊ नका. उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो. नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेक तापतात, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका.

आणि ट्रेलर दारात उभा राहिला की मागायला लोक येतील. लग्नाची भांडी न्यायची आहेत, सिमेंटची दहा पोती आणायची आहेत, गणपती न्यायचा आहे. दहा पोती म्हणजे पाचशे किलो, हे मागणाऱ्याच्या लक्षात नसतं. काही झालं तर नाव तुमचं येईल, विमा तुमचा. भाचा असो की साडू, गाडी-ट्रेलर देऊ नका. फारच अडचण असेल तर वजन विचारून घ्या आणि स्वतः चालवत न्या.