फुफ्फुसात रक्ताची गुठळी: जीव वाचणं कशावर अवलंबून असतं आणि सावरायला इतका वेळ का लागतो?

सप्टेंबर २०१७. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. २०११ मध्ये तिच्या फुफ्फुसात गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे हे काय असू शकतं याचा अंदाज तिला लगेच आला. तिने सीटी स्कॅन आणि हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, मागितलं. नर्सला वाटलं की वेदनाशामक औषधांमुळे ती गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काहीच निघालं नाही. मग सीटी स्कॅन झाला आणि फुफ्फुसात लहान लहान गुठळ्या दिसल्या.

सेरेनाने हे सगळं २०१८ मध्ये 'व्होग' मासिकाला सांगितलं, आणि डॉक्टर बायकांचं ऐकतात का, यावर जगभर चर्चा झाली. पण त्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणाच्या लक्षात नाही. खोकून खोकून तिचे टाके उसवले. रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे पोटात रक्त साचलं. गुठळ्या वर जाऊ नयेत म्हणून मोठ्या शिरेत फिल्टर बसवावा लागला. घरी आल्यावर पहिले सहा आठवडे तिला अंथरुणातून उठता येत नव्हतं.

म्हणजे आजार ओळखला गेला, औषध मिळालं, तरी धोका संपला नव्हता.

नेमकं काय होतं?

या आजाराला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. बहुतेक वेळा गुठळी पायाच्या खोल शिरेत तयार होते, तिथून सुटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. ऑपरेशन, बाळंतपण, हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळणं, कॅन्सर ही नेहमीची निमित्तं. कुणी अचानक कोसळून गेलं की व्हॉट्सॲपवर 'हार्ट अटॅक' असा निकाल लागतो. त्यातले काही मृत्यू खरं तर या गुठळीमुळे झालेले असतात.

'गुठळी केवढी आहे?' हा प्रश्न अर्धाच

नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात. डॉक्टरांचं लक्ष मात्र ती गुठळी हृदयाला कितपत झेपते आहे, याकडे असतं. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. फुफ्फुसाकडे कमी दाबाने रक्त ढकलायचं, एवढीच त्याला सवय. वाट अचानक अडली की तो फुगतो, थकतो आणि शेवटी रक्तदाब कोसळतो. त्यामुळे धडधाकट तरुण माणूस मोठी गुठळीही सोसू शकतो, तर आधीच दमेकरी फुफ्फुस किंवा कमजोर हृदय असलेल्या सत्तरीतल्या माणसाला लहान गुठळीही भारी पडते.

१९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ७ देशांतल्या ५२ हॉस्पिटलांमधले २,४५४ रुग्ण होते. त्यात ३ महिन्यांतल्या मृत्यूचं प्रमाण १७.४ टक्के होतं. ज्यांचा वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला होता, त्यांच्यात हेच प्रमाण निम्म्याहून जास्त निघालं. वय सत्तरच्या पुढे, कॅन्सर, हृदय कमजोर असणं, सीओपीडी, श्वासाचा वाढलेला वेग आणि उजव्या कप्प्याची मंदावलेली हालचाल हे बाकीचे मोठे घटक ठरले.

आज डॉक्टर अगदी साधं गणित वापरतात. वय ८०च्या वर आहे का? कॅन्सर आहे का? हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार? नाडी ११० किंवा जास्त? वरचा रक्तदाब १००च्या खाली? ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली? सहाही उत्तरं 'नाही' असतील तर महिन्याभरात मृत्यूचा धोका साधारण १ टक्का. एक जरी 'हो' असेल तर सुमारे ११ टक्के. शिवाय टूडी इको आणि ट्रोपोनिनच्या तपासणीतून हृदयावर किती ताण आला, ते कळतं.

मग सगळ्यांनाच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन का देत नाहीत? कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाब ठीक पण उजव्या हृदयावर ताण, अशा रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. इंजेक्शनमुळे रक्तदाब कोसळण्याचे प्रसंग कमी झाले, पण ५०६ पैकी १० जणांना मेंदूत रक्तस्राव झाला. इंजेक्शन न दिलेल्या ४९९ जणांत तो एकालाच झाला. म्हणून हा उपाय मुख्यतः रक्तदाब कोसळलेल्यांसाठी राखून ठेवतात.

घरी गेल्यावर

१९९२च्या एका अमेरिकी अभ्यासात ३९९ रुग्णांपैकी ९५ जण वर्षभरात दगावले. त्यातले गुठळीमुळे गेलेले फक्त १०. बाकीच्यांचे जीव मुख्यतः कॅन्सर, जंतुसंसर्ग आणि हृदयविकाराने घेतले. कित्येकदा गुठळी हा मूळ आजार नसतोच, दुसऱ्या आजाराची ती खूण असते.

दुसरा धोका गोळ्यांचा. रक्त पातळ करणारी औषधं किमान ३ महिने घ्यावी लागतात. ऑपरेशनसारखं स्पष्ट कारण असेल तर ती सहसा तेवढ्यावर थांबतात. कारण सापडलं नसेल आणि गोळ्या बंद केल्या, तर पहिल्या वर्षात साधारण १० टक्के आणि १० वर्षांत ३६ टक्के लोकांना पुन्हा गुठळी होते. बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळी सोडणं महागात पडतं ते यामुळे.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असलेल्यांना 'मेथी-पालक बंद' असं सांगितलं जातं, पण मुद्दा बंदीचा नाही. या भाज्यांतलं व्हिटॅमिन के औषधाचा जोर कमी करतं, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं आणि आयएनआर तपासत राहायचं. अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन यांना ती कटकट नाही. पण गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून डायक्लोफिनॅक आणून खाल्लं, तर यातल्या कुठल्याही औषधासोबत रक्तस्रावाची भीती वाढते.

दम लागणं कधी थांबतं?

कॅनडातल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात वर्षानंतरही जवळपास निम्म्या लोकांची व्यायाम करण्याची क्षमता कमीच होती. संशोधकांच्या मते याचं मुख्य कारण शरीराची मोडलेली सवय. माणूस दम लागेल या भीतीने हालचाल टाळतो आणि आणखी अशक्त होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू चालणं वाढवलं तर अशांना फायदा होतो.

पण शंभरातल्या दोन ते चार जणांमध्ये गुठळी पूर्ण विरघळतच नाही. तिचे व्रण होऊन रक्तवाहिनी बुजते आणि फुफ्फुसातला दाब कायमचा वाढतो. हे वय, लठ्ठपणा किंवा 'टेन्शन'च्या खात्यावर सहज टाकलं जातं. ३ महिने औषध घेऊनही जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, चक्कर येत असेल, पाय सुजत असतील, तर पुन्हा टूडी इको आणि गरज पडल्यास व्हीक्यू स्कॅन करतात. यातल्या अनेकांवर शस्त्रक्रिया करून तो जुना व्रण सोलून काढता येतो. मात्र ती करणारी केंद्रं मोजकीच आहेत, त्यामुळे निदान जितकं लवकर, तितका तिथे पोहोचायला वेळ मिळतो.