नकाशावरची लबाडी

लोकशाहीचे पाठ जगाला देणाऱ्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे मत निष्प्रभ करण्यास लाठी लागत नाही. नकाशावरची रेघ पुरते. १९५७ साली अलाबामातील टस्कीगी शहराची चौकोनी हद्द २८ बाजूंची करण्यात आली आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी जेमतेम चार-पाच शहरात उरले! १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ही लबाडी हाणून पाडली.

पुढे त्याच न्यायालयाने काय केले? भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी सीमा बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी, ही १९६५ च्या कायद्यातील तरतूद २०१३ च्या निकालाने निकामी झाली. पक्षीय स्वार्थासाठी मतदारसंघ कोरले, तर संघीय न्यायालये त्यात पडणार नाहीत, असे २०१९ साली ठरले. २०२३ मध्ये अलाबामाच्या कृष्णवर्णीयांना न्याय मिळाला खरा. पण २०२४ मध्ये दक्षिण कॅरोलिनाची ‘वर्ण नव्हे, पक्ष पाहिला’ ही सबब ग्राह्य धरली गेली. जिथे कृष्णवर्णीयांची बहुतांश मते एकाच पक्षाला पडतात, तिथे या दोहोंत फरक तो कोणता? चोराने हेतू निराळा सांगितला म्हणून चोरी माफ होते काय?

मत देऊ देणे वेगळे आणि त्या मताला मोल असू देणे वेगळे. दुसऱ्यावाचून पहिले ही मतदाराची थट्टाच होय!