‘कशावरून?’ विचारणारी मुलं



नव्या शैक्षणिक धोरणात तिसरी ते पाचवी हा ‘पूर्वतयारी स्तर’ मानला आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार या वयात इतिहास हा वेगळा विषय नाही. भोवतालच्या जगाची ओळख होता होता तो यायचा आहे. मला हे पटतं. पण भोवताल म्हणजे कुणाचा, हे आपण बायांनी आत्ताच विचारायला हवं. चौथीच्या ‘शिवछत्रपती’त पिढ्यान्‌पिढ्या मुलांना जिजाबाई भेटल्या, त्या मुख्यतः आई म्हणून. बाकीच्या बाया तेव्हा काय करत होत्या?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही ओळीनं लागणारी तीन स्टेशनं घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. हा दगडावरचा पुरावा. बदलापूरचं तसं नाही. शिवकाळात इथं घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सगळे सांगतात. गोष्ट छान आहे, पण ऐकीव. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. सनावळ्या नंतर येतील. आधी त्याच्या हाती ‘कशावरून?’ हा शब्द द्या. मग देवळासमोर उभी राहून एखादी मुलगी विचारेलच, राजाचं नाव कळलं, पण दगड कुणी वाहिले? त्यात बाया होत्या का?

उल्हासनगरला तर इतिहास घरातच बसलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी कॅम्प, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते बसलेली नव्या वसाहतीची कोनशिला. आजही लोक पत्त्यात कॅम्प नंबर सांगतात. पण बराकीत आडोसा करून संसार कसा मांडला, पापड लाटून घर कुणी चालवलं, हे आजी-पणजीच सांगू शकते. १९४७ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आता नव्वदीच्या घरात आहे.

मात्र फाळणी मुलांना सांगायची कशी? पळवलेल्या स्त्रिया, त्यांना ‘परत मिळवण्या’चा १९४९ चा कायदा आणि त्यात त्या बाईच्या मर्जीला नसलेली किंमत, हे आपण शिबिरांत बोलतो. चौथीच्या वर्गात ते नको. पण ते वगळून ‘त्यांनी आपल्याला हाकललं’ एवढंच शिल्लक ठेवलं, तर मुलांच्या हाती नुसता राग पडतो. म्हणून वस्तूंपासून सुरुवात करावी. बोटीत काय आणलं, काय मागे राहिलं, शेजारी कोण होते, निरोप कुणी दिला. आजी मध्येच गप्प झाली तर पुढे विचारायचं नाही, हेही शिकवायचं. त्याच बाकांवर उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून आलेल्यांची, जीन्स शिवणाऱ्या आयांची मुलं बसतात. त्यांचं येणं हासुद्धा याच गावाचा इतिहास.

आणि २० ऑगस्ट २०२४? त्या दिवशी बदलापूरला गाड्या का थांबल्या, हे मुलांनी घरोघरी विचारलं असणार. दोन लहान मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तक्रार वेळेवर घेतली गेली नाही, म्हणून माणसं रुळांवर बसली, त्यांत पुष्कळ बाया होत्या. त्यांच्या भाषेत, त्यांना पेलेल एवढं सांगता येतं. ‘तुला नाही कळायचं’ म्हणून गप्प बसवलेलं मूल स्वतःबद्दलही मग काही सांगत नाही.

या सगळ्याचा ‘प्रकल्प’ तेवढा होऊ देऊ नका. चार्टपेपर रात्री अकराला शेवटी आईच चिकटवते!

या पट्ट्यातल्या गटांनी आपापल्या वस्तीतल्या दोन-तीन आज्यांशी बोलून, मुलांनी विचारावेत असे प्रश्न पुढच्या अंकासाठी पाठवावेत. सिंधी वाचणाऱ्या मैत्रिणी हव्याच आहेत. कित्येक आज्या अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, आणि नातवंडांना ती वाचता येत नाही.